कडूची पारख

एटापल्लीच्या बाजारात तापावरचा भुईनिंब विकणारी ती बाई प्रत्येक जुडीतलं एक पान आधी स्वतः चावायची. तोंड जराही वाकडं न करता कमी कडू जुडी पोरांसाठी डावीकडे ठेवायची, जास्त कडू मोठ्यांसाठी उजवीकडे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. प्रयोगासाठी मी उपटून आणलेल्या जुडीतलं पान तिनं चावलं आणि जुडी परत दिली.

"भाऊ, याचं बी झडून गेलं. फुलावर आलं तवाच तोडा लागते."

मी हसलो. पण प्रयोगशाळेत तिच्याकडून विकत घेतलेल्या जुडीतून कडू द्रव्याचे स्फटिक निघाले, माझ्या जुडीतून जवळपास काहीच नाही.

पुढच्या बाजारी मी ते स्फटिक तिला दाखवले. तिनं त्यातला एक कण चाखला आणि पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं.

"एवढं कडू कोणाले देता, भाऊ?"

मी आजवर कुणालाच काही दिलं नव्हतं.