पिशवी काढली, एवढंच सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, मैत्रिणींना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी दुसरंच काहीबाही बोलत राहिले. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

आधी मी कोण ते ऐका. मला त्याचा अभिमान आहे आणि तो काही मी सोडणार नाही. रनाळ्याच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. नवरा लवकर गेला, तरी कुणापुढे हात पसरला नाही. घरी अहिराणी बोलणारी पोरं माझ्या वर्गात आनुवंशिकता अशी घडाघडा सांगायची की तपासणीला आलेले साहेबही ऐकत बसायचे. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी आज नर्स आहेत, डॉक्टर आहेत. बाजारात मी दिसले की गाडी थांबवतात. मिरवते मी! का मिरवू नये?

तर — पाळी जाऊन काही वर्षं झाली होती, आणि मला पुन्हा रक्त जायला लागलं. मी लगेच सुरत गाठलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, सुटले. सोबत लेक होती, पल्लवी. तिलाही साधी गाठ म्हणूनच सांगितलं. पुढे डॉक्टरीणबाईंनी जनुकांची तपासणी करायला लावली. पेशी वाढताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारी, वाढीला आवर घालणारी जनुकं असतात. त्यातलं एक माझ्यात जन्मापासून बिघडलेलं निघालं. आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं. बाई म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीला, लेकीला सांगा. त्यांच्यातही असू शकतं. गर्भाशय, आतडं, लक्ष ठेवलं तर वेळेत सापडतं." मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती.

आणि घरी आल्यावर मी काय सांगितलं? "पिशवी काढली." बस्स. आमच्याकडे एवढं पुरतं. घराघरात एखाद्या बाईची पिशवी काढलेली असतेच. पुढे कुणी विचारत नाही. शिरा घेऊन येतात, कंबर दुखते का म्हणतात आणि जातात. पल्लवीचं लग्न ठरत होतं. घराण्यात कॅन्सर, तोही रक्तातून येणारा, हे कळल्यावर कोण सोयरीक करणार? असं मी स्वतःला समजवायची. पण खरं सांगू? लग्न थाटात झालं, आणि त्यानंतरही मी गप्पच राहिले. माझ्यात काही खोट आहे, हे मला कुणाला कळूच द्यायचं नव्हतं.

उषा माझी धाकटी बहीण, कोरीटला दिलेली. तिचीही पाळी केव्हाच गेली होती. एक दिवस तिचा फोन आला. "ताई, माले परत सुरू व्हयनं. काय करू?"

सांगायची वेळ तीच होती — नाही का? मी म्हणाले, "होतं गं या वयात. मनावर घेऊ नकोस." खुद्द ताईनं सांगितल्यावर ती निर्धास्त झाली. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला. मग मात्र मला राहवेना, मीच तिला सुरतेला नेलं. दुसऱ्या दवाखान्यात, माझ्या नाही. तोवर कॅन्सर पसरला होता.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला झालंय का? उषानं केवढ्या तोऱ्यात माझ्याकडे बोट दाखवलं! "मन्ही मोठी बहीण शे. विज्ञाननी मॅडम शे. तिलेच इचारा, तिले सगळं समजस."

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

तिच्या जनुकांची तपासणीही झालीच. तोच बिघाड. आणि मला — लाज वाटते, पण सांगते — हायसं वाटलं. आता पल्लवीला उघडपणे तपासून घेता येणार होतं, मावशीच्या नावावर. पल्लवीत तो बिघाड नाही. मी माझं रक्त तपासायचं नाटकही केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, माझी तर पिशवीच काढलीय.

उषानं मात्र काही लपवलं नाही. डोक्याला रुमाल बांधून ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायांना थांबवून सांगायची, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर घरी बसू नका. धड चौथी शिकलेली नव्हती. माझी बहीण ती! माझ्या सगळ्या विद्यार्थिनींपेक्षा मला तिचाच अभिमान वाटतो.

ती जाण्याच्या थोडं आधी मुद्दाम रिक्षा करून माझ्याकडे नंदुरबारला आली. अंगात त्राण नव्हतं. तिच्या आजाराचं पल्लवीच्या सासरी कळलं होतं, त्यांनी काही टोमणे मारले होते, आणि ते हिच्या कानावर गेलं होतं. पाणीही घेतलं नाही. खाली बसली आणि माझे पाय धरले.

"ताई, मन्हामुये तुन्ही पोरले बोलणं खावं लागनं. माले माफ कर."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ दे गं. केलं माफ."