रविवारची जपानी पोथी

आमच्या घरी रविवारी दुपारी जपानी कार्टून बघायचं आणि मी ते मराठीत सांगायचं, अशी पद्धत पडली होती. पडली म्हणजे आईने पाडली. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरात आलो, हप्त्याने टीव्ही आणि सीडी प्लेअर घेतला, त्यानंतरची ही गोष्ट.

सीड्या मी भाईंदरला केबिन रोडवरून आणायचे, सायकल मारत. तिथल्या सीडीवाल्याने हिंदी सिनेमे दर्शनी मांडले होते. जपानी माल मागे एका खोक्यात, स्केचपेनने आकडे घातलेला. त्याच्या लेखी ते सगळं ‘बच्चा लोग का कार्टून’. त्यातल्या काहींत तलवारीने मुंडकी उडायची, माणसं दारू पिऊन रडायची, पण हे त्याला सांगण्याच्या फंदात मी पडले नाही. सांगितलं असतं तर खोका बंद.

संवाद जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं, तीही धावती. आई आठवडाभर कचेरीत इंग्रजी टाइप करायची. रविवारी जेवणं झाली की ती चष्मा काढून फ्रिजवर ठेवायची आणि म्हणायची, आज माझे डोळे सुट्टीवर, तू सांग. मग मी टीव्हीच्या बाजूला मांडी घालून बसायचे आणि वाचून मराठीत सांगायचे. तिच्या माहेरी श्रावणात पोथी वाचायचे, तेव्हाचे नियम तिने इथे जसेच्या तसे लावले. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही आणि अध्याय अर्धवट टाकून उठायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. बाबा आतल्या खोलीत घोरायचे, त्यांना तेवढी सूट होती.

आणखी एक श्रोता होता. भाईंदरजवळच्या मुर्धा गावाहून एक मावशी मासे घेऊन आमच्या सोसायटीत यायची. पाटी रिकामी झाली की आमच्याकडे पाणी प्यायला टेकायची, ती कार्टून संपेपर्यंत हलायची नाही. टोकायचं नाही हा नियम तिला कुणी शिकवू शकलं नाही.

आता एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि सगळं जग मला मुलगा समजत होतं. शाळेत मी मुलांच्या रांगेत उभी राहायचे, केस दर महिन्याला बारीक कापले जायचे, मुंजीचा फोटो भिंतीवर होता. मी मुलगी आहे हे मला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. मला ते आईला सांगायचं होतं. सांगितल्यावर आई माझी राहील की नाही, एवढा एकच प्रश्न मला त्या वर्षी पडला होता. दहावीचं वर्ष होतं, पण भूमिती कुणाला सुचते.

उत्तर सरळ विचारायची छाती नव्हती. म्हणून मी कार्टूनच्या आडून आईचा अंदाज घ्यायचे. माझ्यासारखं कुणी पडद्यावर आलं की मी अक्षरांकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघायचे. आणि माझ्यासारखी माणसं जपानी कार्टूनमध्ये पुष्कळ असायची, याबद्दल त्या देशाचं मला आजही कौतुक आहे. फक्त त्यांना मिळणारी कामं बघून संताप यायचा. बहुतेकांना खलनायकी. घोगरा आवाज, जाड लिपस्टिक, हातात पंखा, नको तिथे खदाखदा हसायचं आणि चौथ्या भागात कड्यावरून पडून मरायचं. मरता मरतासुद्धा लिपस्टिक शाबूत. कुणी त्यातून वाचलीच तर तिला विनोदाला जुंपायचे: नायक तिच्यावर भाळायचा, मग कुणीतरी खरं सांगायचं, मग नायक किंचाळत पळायचा आणि गोष्टीतला सगळा वर्ग हसायचा. एखाद-दुसरी दारूचा गुत्ता चालवायची, ती मनाची मोठी असायची. नायकाला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायची आणि गिलास पुसत बसायची. तिचं स्वतःचं काय चाललंय, हे विचारायला नायकाला वेळ नसायचा. भीक नको पण कुत्रा आवर, असं मला वाटायचं.

पण मला एक सोय होती. पोथी माझ्या हातात होती. मी बेधडक वडाची साल पिंपळाला लावायला लागले. एका लिपस्टिकवाल्या खलनायिकेला सगळे मिळून नाही नाही ते बोलत होते, त्या भागात मी तिला सावकाराची बहीण करून टाकलं. मग तिला बोलतात ते व्याजावरून. नायक किंचाळत पळाला तेव्हा मी सांगितलं की त्याला पाल दिसली. मावशीला ते पटलं, तिलाही पालीची किळस होती. आई भाजी निवडत हसत होती, आणि ती पालीला हसतेय असं समजून मी खूश.

अशात सीडीवाल्याने एक वेगळी मालिका दिली. खोक्याच्या तळाला होती, कुणी नेत नव्हतं, कारण त्यात मारामारी नव्हती. एक छोटं बंदर, बोटी, पाऊस आणि शाळेचे गणवेश शिवणारी एक तरुण बाई. तिचं दुकान, तिचं मशीन, तिची मांजर. तिसऱ्या भागात कळलं की ती लहानपणी गावात मुलगा म्हणून वाढली आणि घर सोडून इथे आली. हे कळल्यावर कुणी किंचाळलं नाही. गावातल्या एका बाईने फक्त विचारलं की स्कर्ट शनिवारपर्यंत होईल का. मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सालबिल काही लावावी लागली नाही, याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी रात्रीची भांडीसुद्धा न सांगता घासली.

मावशीला ती मालिका भारी आवडली, पण बंदरामुळे. त्यांचे मासे सुकत घालायचे बांबू तिला साफ चुकीचे वाटायचे. असं न्हाय सुकवत, म्हणून ती टीव्हीला समजवायची. शिंपीणबाईचं लग्न का झालं नाही याचीही तिला काळजी होती. एवढी कामाची बाय हाय, म्हणायची.

शेवटून दुसऱ्या भागात त्या शिंपीणबाईचा म्हातारा बाप बोटीने आला. दुकानाच्या दारात उभा राहिला. मशीन थांबलं. ती उठली, हात पुसले आणि बोलायला तोंड उघडलं. आणि सीडी अडकली.

अडकली म्हणजे अशी की चित्र तिथल्या तिथे थरथरतंय, आवाज नाही, अक्षरं नाहीत. मी उठून बटण दाबायला निघाले, तर आईने मला हाताने बसवलं.

“अध्याय अर्धवट टाकायचा नाही,” ती म्हणाली. “ती काय म्हणाली ते सांग.”

मी म्हटलं, अक्षरंच नाहीत. ती म्हणाली, नसू देत, इतके भाग सांगितलेस, तुला माहीत असणार. भाजीची परात तिने बाजूला सरकवली होती. मावशी दोन्ही हात पाटीवर ठेवून बसली होती. मी पुन्हा उठायला लागले. पण पडद्यावर ती बाई तोंड उघडून ताटकळली होती, आणि तिला तशी सोडून उठणं मला जमेना.

“ती म्हणाली,” मी सुरुवात केली, “बाबा, तुम्ही मुलगा शोधायला आला असाल तर तो इथे नाही. कधी नव्हताच. मी आहे. मी आधीपासून मीच होते. तुम्हाला सांगायची भीती वाटत होती, कारण तुम्ही मला टाकलंत तर मला दुसरं घर नाही.”

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला. शिंपीणबाईला दुसरं घर होतं, दुकान होतं, मांजर होती. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

आतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं. मग मावशीने विचारलं, “आनि बाप काय बोल्ला?”

मी बाहीने डोळे पुसत होते. आई बोलली. पडद्याकडे बघत, माझ्याकडे नाही.

“बाप म्हणाला, पोरी, मला दिसत होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो. टाकायला तू काय सीडी आहेस? चल, आत चल, भूक लागलीय.”

मावशी म्हणाली, बरा हाय मानूस. पाटी उचलून ती गेली आणि मी तिथेच बसून मनसोक्त रडले. आईने पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मी विचारलं की तिला कधी कळलं. ती म्हणाली, शंका होतीच, पण त्या लिपस्टिकवालीला तू सावकाराची बहीण केलीस तेव्हा खात्री पटली.

मी म्हटलं, पण तुझा चष्मा तर फ्रिजवर असायचा.

“तो जवळचा आहे,” आई म्हणाली. “टायपिंगला लागतो. लांबचं मला स्वच्छ दिसतं.”

म्हणजे इतके महिने खालचं प्रत्येक अक्षर ती वाचत होती, आणि वर माझी पोथी ऐकत होती. मी संतापले, लाजले आणि मग इतकी हसले की बाबा उठून बाहेर आले आणि चहा मागायला लागले. बाबांना कसं सांगायचं ते आईने स्वतःकडे घेतलं. त्याला पुढे दोन वर्षं लागली आणि भांडीही आपटली गेली. पण त्या दुपारी मी हलकी झाले होते आणि चहात साखर जास्त पडली.

सीडीवाल्याने पुढच्या आठवड्यात कुरकुर करत दुसरी प्रत दिली. मी एकटीने बघितली. खऱ्या मालिकेत शिंपीणबाई दोनच शब्द बोलते, आणि बाप काहीच बोलत नाही. टोपी घालतो आणि बोटीकडे चालायला लागतो. शेवटच्या भागात त्याचं एक पत्र येतं, बस. मला फार राग आला. आई कचेरीतून आल्या आल्या मी तिला हे सांगितलं.

आईने चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली.

“मग तो बाप चुकला,” ती म्हणाली. “ती सीडी उद्या परत देऊन टाक. आणि येताना केबिन रोडवरून टिकल्यांची दोन पाकिटं आण. माझं मरून रंगाचं, बारीक. दुसरं तुला आवडेल ते.”