मामांचा पुठ्ठ्याचा पियानो

आमच्या मामांइतकी पारखून खरेदी करणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही, आणि इतकी उशिरा करणारा तर नाहीच नाही. कुठलीही वस्तू घरात येण्याआधी मामा तिची रंगीत तालीम घेतात. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा तेवढ्याच मापाचं रिकामं खोकं महिनाभर स्वयंपाकघरात उभं होतं आणि मामी येता-जाता त्याला वळसा घालत होत्या. मग कुठं मामा दुकानात गेले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं की मामींना डिजिटल पियानो आणायचा. मामी गंगापूरला, माहेरी, पेटी फार सुरेख वाजवायच्या म्हणे. मी कधी ऐकली नव्हती. क्रांती चौकातल्या दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक उचलून कुठंही नेता येणारा, दुसरा लाकडी पायांचा, भिंतीला लावला की तिथलाच. झालं, तालीम सुरू. मामांनी लांब पुठ्ठ्यावर अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आखल्या, खाली फळी ठोकली, वजनासाठी बारा किलो गव्हाची पिशवी बांधली आणि ते सगळं जीपनं गंगापूरला नेऊन परत आणलं. जीपवाल्यानं विचारलं तर म्हणाले, "पियानो हाय. सांभाळून ठेव." निम्मे गहू वाटेत सांडले. मग तोच पुठ्ठा आठवडाभर बैठकीत, सोफा हटवून, भिंतीला लावलेल्या टेबलावर ठेवला.

"उचलायचाच घेऊ," मामांनी मला निकाल सांगितला. "पाहुणे आले की कपाटामागं सारता येतो. लई सोयीचा."

मामी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पेटीपण सोयीचीच होती की. पाहुणे येणार म्हणून तुम्हीच माळ्यावर टाकली. तीस वर्षं झाली, पाहुणे काय अजून गेले नाय."

  मामा मामींच्या शेजारी सरकून मेथी निवडायला लागले, आणि काड्याच भाजीत टाकत राहिले.

दुसऱ्याच दिवशी लाकडी पायांचा पियानो सोफ्याच्या जागी आला. मागं करमाडचे पाहुणे आले, बसायला जागा पुरेना. कुणीतरी म्हणालं, "हे जरा सरकवायचं का?" मामींचा हात पट्ट्यांवरच थांबला.

"सरकत नाय तो," मामा म्हणाले. "लई जड हाय. तुम्हीच तिकडं सरका."

मामींची बोटं आता आखडतात, मधेच सूर सुटतो. तेवढ्यापुरते मामा खिडकीबाहेर बघत राहतात. मला तेव्हा मामांचं फार वाईट वाटतं, आणि त्यांच्याबद्दल फार प्रेमही वाटतं.