पिंपात चालणारं इंजिन

आमच्या ह्यांना बोटींच्या धक्क्यावर सगळे 'कानसेन' म्हणतात. बोटीच्या मागे अडकवायची इंजिनं दुरुस्त करायचा ह्यांचा धंदा, आणि तीस वर्षं तो कानावर चाललाय. बोट अजून लांब असायची, आणि हे हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, "खालचा प्लग गेलाय." उघडून बघावं तर प्लग काळाकुट्ट. माणूस घमेंडखोर खरा, पण घमेंड खोटी नव्हती.

तेच हे आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत होते. बसले की उठायचे, उठले की चपला शोधायचे. उतारू नेणाऱ्या बोटवाल्याचं इंजिन तिसऱ्यांदा परत आलं होतं. दुकानात पाण्याच्या पिंपात ते गुणी बाळासारखं चालायचं आणि बोटीला लावलं की भर पाण्यात आचके द्यायचं. ह्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा धुतला, इंजिनाला शिव्याही घालून झाल्या.

"माझाच कान गेलाय," शेवटी जेवता जेवता म्हणाले. "पिंपात मला काही खोट ऐकू येत नाही. दुकानाला कुलूप लावतो. लोकांना पाण्यात अडकवायचं पाप नको."

डावीकडून हाक मारली तर हे वळत नाहीत, हे मला वर्षभर ठाऊक होतं. त्यावरून मी भांडायचे, पण 'कान' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. दुकान बंद करून हा माणूस घरात करणार काय? आधी मला वेड लावेल, मग स्वतःला लागेल.

दुसऱ्या दिवशी इंजिन बोटीला लावून बघायला निघाले, तशी मीही जाऊन बसले.

"तू कशाला?"

"तुम्ही बोटीतही येरझाऱ्या घालाल म्हणून."

मध्यावर इंजिनाने दोन ठसके दिले आणि बंद पडलं. बोटवाला वल्हं घेऊन पुढच्या टोकाला गेला. ह्यांनी इंजिनाची टोपी काढून आत डोकं घातलं. मला त्यातलं काय कळतंय! माझं लक्ष पायाशी ठेवलेल्या पेट्रोलच्या टाकीकडे गेलं. प्लास्टिकची टाकी, पोट पार खपाटीला गेलेलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, हवेला दुसरं लागतं, एवढं स्वयंपाकघरात शिकलेय. मी टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू सैल केला. टाकीने सूंऽऽ करून अशी हवा ओढली की पलीकडच्या टोकाचा बोटवाला दचकून वळला.

"तो मीच आवळला होता," तो ओशाळून म्हणाला. "उतारू पेट्रोलच्या वासाने नाक मुरडतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण चूक एकट्या त्याची नव्हती. दुकानात हे प्रत्येक इंजिन स्वतःच्याच टाकीवर चालवून बघतात. त्याची टाकी दुकानात कधी आलीच नव्हती. म्हणजे इंजिन ठीक होतं, आणि ह्यांचा कानही. मला हसू फुटलं.

"काय सांगतोय तो?" हे डोकं वर काढून म्हणाले. "काय केलंस तू?"

माझं हसू तिथंच राहिलं. ह्यांच्या डाव्या हाताला, वीतभरावर टाकी होती.

मी सगळं मोठ्याने सांगितलं. ह्यांनी दोरी ओढली, इंजिन लागलं, बोट एका लयीत पुढे निघाली. ह्यांनी इंजिनावर तळहात टेकवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आवाज बरा आहे ना गं?"

तीस वर्षांत ह्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

मी उठून ह्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. "बरा आहे," म्हटलं. "उद्यापासून मी येते दुकानात."