नांगराचं स्पेलिंग

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. किती पोरींनी रडत रडत आपली गुपितं माझ्यापाशी सांगितली — माझं मात्र मी कुणापाशी काढलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. पाहू.

आधी माझा तोरा सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या क्वार्टरात वाढले. आमच्या घरात बिनचूक इंग्रजी लिहिणारी पहिली मीच. चंद्रपूरला मुलींच्या शाळेत लागले आणि दोन वर्षांत स्टाफरूमची न्यायाधीश झाले. गॅदरिंगच्या फलकावर ‘प्रोग्राम’ लिहिताना शेवटी एम, ई ही दोन अक्षरं लावायची की नाही, यावर दरवर्षी भांडण व्हायचं. एक सर म्हणायचे लावा, दुसरे म्हणायचे आता कोण लावतं? मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी सांगेन ते शेवटचं. मला ते आवडायचं — खूप आवडायचं.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत स्पेलिंगची स्पर्धा झाली. चंद्रपूर-गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतून सातवीच्या मुली आल्या होत्या. पहिली येईल तिला आमच्या शाळेत आणि वसतिगृहात बारावीपर्यंत जागा, सगळा खर्च संस्थेचा. शब्द मी काढले होते. निकालही मीच देणार होते.

शेवटी दोघी उरल्या. एक चंद्रपूरचीच. दुसरी सगुणा, गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. घरी गोंडी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, आणि इंग्रजी? ते एका पुस्तकातून. तिच्या गावात झाडांचा अभ्यास करायला एक अमेरिकन बाई येऊन राहिली होती. जाताना तिनं आपली डिक्शनरी सगुणाच्या बापाला देऊन टाकली. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. पोरीनं ती पानापानानं पाठ केली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की ही बारकी पोर एकही शब्द चुकत नाही.

मी तिला शब्द दिला, ‘प्लाउ’, म्हणजे नांगर. शेतातली पोर, सोपा जाईल म्हणून दिला — हे खरं आहे, हवं तर विश्वास ठेवा.

ती लगेच म्हणाली, पी, एल, ओ, डब्ल्यू.

मी चूक म्हणाले. ती जागची हलली नाही. हळूच म्हणाली, “मॅडम, माह्या पुस्तकात असंच हाये.”

भरल्या सभागृहात मला कुणी उलट बोललेलं नव्हतं. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि हसून म्हणाले, “घरी नांगर आहे ना तुझ्या? मग लिहिता कसा येत नाही?”

सगळं सभागृह हसलं. पोरी, पालक, पहिल्या रांगेतले पाहुणेसुद्धा. सगुणा हसणाऱ्यांकडे बघत राहिली. आपल्याला का हसताहेत, हे तिला कळत नव्हतं. मग दुसरीनं बरोबर सांगितलं — पी, एल, ओ, यू, जी, एच — आणि टाळ्या पडल्या.

इथपर्यंत मी अडाणी होते. ‘कलर’मधलं यू अमेरिकेत गाळतात, हे मला ठाऊक होतं, पण नांगराचं खरंच ठाऊक नव्हतं. इथवरच असतं तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा बाप आला, दसरूभाऊ. दोन बस बदलून आला होता. गमछ्यात बांधलेली ती जाड डिक्शनरी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. भांडायला आला नव्हता तो. पोरगी दोन दिवस जेवली नाही, एकच म्हणते, पुस्तकात हाये, असं त्यानं सांगितलं. तिनं त्या पानात साबईच्या गवताची काडी खुणेला घातली होती.

“मले वाचता येत नाई, बाई,” तो म्हणाला. “तुमी पाहून सांगा.”

मी पान उघडलं.

ते तिथं होतं. ठळक अक्षरात, तिनं सांगितलं तसंच, पी, एल, ओ, डब्ल्यू. आजही ते पान माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं येतं — वरचा शब्द कोणता, खालचा कोणता, सगळं. पुढे मी खूप वाचलं. एकेकाळी इंग्लंडातही लोक ते दोन्ही तऱ्हांनी लिहीत. अमेरिकेनं आखूड ते ठेवलं, इंग्लंडनं लांबडं. लांबड्यातल्या ओ, यू, जी, एच या चार अक्षरांचा उच्चार तिकडेही शब्दाशब्दाला वेगळा होतो. सगुणाचं स्पेलिंग चूक तर नव्हतंच, आपल्या कानाला ते अधिक सरळ होतं.

निकाल त्याच दिवशी बदलता आला असता. मुख्याध्यापिकेची खोली शेजारीच होती. दोघींना जागा द्या म्हटलं असतं, तर बाईंनी ऐकलंही असतं. फक्त ‘मी चुकले’ एवढं म्हणायचं होतं.

मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “भाऊ, हे पुस्तक चुकीचं छापलंय.”

त्यानं गमछा झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, “मंग पोरीच्या हातात काऊन ठेवू?” पुस्तक उचलून तो गेला.

मी खिडकीशी उभी होते. फाटकावर आमचा चणेवाला बसायचा. दसरूभाऊनं डिक्शनरी त्याच्यापुढे ठेवली. काही मागितलं नाही, काही घेतलं नाही. चणेवाल्यानं लगेच पहिलं पान टरकन फाडलं आणि त्याचा पुडा वळला. मी वरून हाक मारू शकले असते ना? नाही मारली. पुढचे कित्येक दिवस शाळेतल्या पोरी त्या पुड्यांतून चणे खात होत्या. व्हरांड्यात पायाखाली ते शब्द यायचे. मी शिपायाला झाडून घ्यायला सांगायचे.

सगुणा दहावीपर्यंत गावाकडे शिकली, नंतर लग्न झालं, असं ऐकलं. मी विचारपूस केली नाही. विचारायची भीती वाटायची.

आणि आता हे — पंधरा दिवसांपूर्वीचं. गडचिरोलीच्या बसस्टँडवर एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं. अंगणवाडीत मदतनीस आहे. दसरूभाऊ गेले. सोबत सहावीतली मुलगी होती, हातात मोबाइल. सगुणाच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. उलट भेट झाली म्हणून ती खूश होती. आमचं भांडण होऊन राह्यलं मॅडम, म्हणाली. पोरगी म्हणते नांगराचे दोन्ही स्पेलिंग चालतात, मोबाइलवर हाये.

“मी तिले सांगतलं, मोबाइलबी चुकते. चंद्रपूरच्या मॅडमनं मले शिकवलं हाये.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला आपलं बरोबर आहे हे माहीत होतं. फक्त मी हो म्हणायची ती वाट बघत होती.

मी चोपन्न वर्षांची आहे. पुढच्या साली नोकरीही सोडतेय. माझं कुणी काय बिघडवणार होतं?

मी म्हणाले, “आई बरोबर सांगते.”

मुलीनं मोबाइल पिशवीत टाकला. सगुणानं तिच्या पाठीवर हात ठेवला. माझी बस लागली, मी चढून बसले. खालून दोघींनी हात हलवला. मीही हलवला.