मंग तो गेला

माझा भाचा ऑस्ट्रेलियात असतो. गेल्या दिवाळीला नागपूरला आला तेव्हा त्याने मला मोबाइलवर तिकडच्या पोलिसांची एक चित्रफीत दाखवली. तांबड्या मातीच्या माळावर एक वस्ती, दोन पोलीस, एक धिप्पाड गाडी, आणि पुढचं ठाणं इतकं लांब की आज मागवलेली मदत उद्या यायची. "मामा, तुमच्या नोकरीसारखंच ना?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गाडी सोडली तर बरंचसं. मला हेवा मात्र गाडीचा वाटला नाही. त्या पोलिसांबरोबर वस्तीतलाच एक माणूस होता. म्हातारी काय म्हणते ते पोलिसाला समजावायचं आणि पोलीस काय विचारतो ते म्हातारीला, एवढंच त्याचं काम. आमच्या दूरक्षेत्रात अशी सोय नव्हती. गरजच नव्हती म्हणा. आमच्याकडे सगळे मराठीच बोलत.

दूरक्षेत्र हा सरकारी शब्द. मोठ्या ठाण्यापासून लांब असलेल्या चौकीला तो लावतात. आमचं दूरक्षेत्र रामटेकच्या पुढे, जंगलाला लागून होतं. तालुक्यातल्यांच्या लेखी आम्ही दूर होतो. गावकऱ्यांना मात्र सगळ्यांत जवळचं सरकार आम्हीच, कारण बाकीचं सरकार आमच्याहूनही दूर होतं. त्यामुळे गुन्हा म्हणावा असं काही महिन्यातून एखादं यायचं आणि उरलेल्या दिवसांत आमची जीप बाळंतिणी पोचवायची. घरात साप निघाला की लोक आम्हाला बोलवत आणि आम्ही सापवाल्याला बोलवत असू. मोबाइलला रेंज मिळायची ती तळ्याकाठच्या एका मोहाच्या झाडाखाली. त्या झाडाला सगळा गाव 'टॉवर' म्हणायचा.

मी तिथे हवालदार होतो आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. गावकरी मला जमादार म्हणत. वीस वर्षं मी लोकांचे जबाब पोलिसी मराठीत लिहीत आलो होतो. जिने जन्मात 'सदर' हा शब्द ऐकला नाही अशी म्हातारी माझ्या कागदावर म्हणायची, "सदर इसम हा माझे ओळखीचा असून..." कोणाची तक्रार नव्हती. मग वरून एक परिपत्रक आलं की जबाब देणाऱ्याच्याच शब्दांत घ्यावेत. परिपत्रकं आम्ही फाइलला लावत असू. हे मी वाचलं आणि मला पटलं. नोकरीत इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंही परिपत्रक पाळलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या दूरक्षेत्राला 'आदर्श' ठरवून तशी पाटी लावली जाणार होती. पाटीचं उद्घाटन करायला नागपूरहून बडे साहेब येणार होते. आमचे प्रमुख फौजदार साहेब तरुण होते, सांगलीकडचे, कष्टाळू आणि सज्जन. तयारीसाठी ते तालुक्याला गेले होते. आम्हाला हुकूम होता की आवारातले सगळे दगड चुन्याने आणि गेरूने रंगवा. सरकारी दगड पांढरा-तांबडा केला की कायदा-सुव्यवस्था राखली जाते, अशी खात्याची फार जुनी श्रद्धा आहे.

सकाळी शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, एक बाई आली. चाळिशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. हातात कागदात गुंडाळलेल्या पुरुषी चपला. नवरा पाच दिवसांपासून घरी नव्हता. त्याला बकरी बांधायला सांगितली होती, त्याने बांधली नाही, आणि बकरीने धानाचे पऱ्हे खाल्ले. रोवणीसाठी जपलेली रोपं होती ती. भांडणं घरात नेहमीची होती आणि नवरा रुसून जाणंही नवं नव्हतं, पण दर वेळी तो चपला घालून जायचा. या वेळी चपला दाराशीच होत्या. टोल्याच्या मागे जंगल सुरू होतं, आणि त्या महिन्यात वाघाने दोन गाई नेल्या होत्या. वाघाचं नाव तिने घेतलं नाही. चपला टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बोट दाखवलं.

मी परिपत्रकानुसार लिहिलं. तिचं वाक्य, तिचेच शब्द: "मी त्याले फुकणीनं मारून राहिली होती. मंग तो गेला. मी तिथंच बसून राहिली."

तिने अंगठा दिला. आमच्या शिपायाने टॉवरखाली जाऊन जबाबाचा फोटो फौजदार साहेबांना पाठवला. दुपारी तो धापा टाकत परत आला. बाईला सोडू नका, फुकणी जप्त करा, असा निरोप होता. मी स्वतः टॉवरखाली गेलो.

"सर, मारून राहिली म्हणजे मारत होती. इकडे असंच बोलतात."

"बरं. मग 'गेला' म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला."

"तेच म्हणतोय मी."

"तसा नाही सर. पायी गेला."

"अनवाणी? जंगलात? आणि पाच दिवस झाले?"

साहेब मूर्ख नव्हते. त्यांच्या सांगलीच्या मराठीत बाईने नवऱ्याला मारलं, तो गेला, आणि ती प्रेताजवळ बसून राहिली. व्याकरणात कुठे खोट नव्हती. मी म्हटलं, तिला परत विचारतो, नवा जबाब घेतो. ते म्हणाले की तो कागद त्यांनी वर पाठवलाय, बडे साहेब खूश आहेत, आणि आता नवा जबाब घेतला तर आपणच तो फिरवला असं दिसेल. "आणि हवालदार," ते जरा नरमाईने म्हणाले, "अक्षर तुमचंच आहे."

फुकणी जप्त झाली. चूल फुंकायची हातभर लोखंडी नळी, एका टोकाला काजळलेली. लेबल लावून ती मी मालखान्यात ठेवली. मालखाना म्हणजे लोखंडी कपाट. चपलाही आत गेल्या.

बाईला कुठे ठेवायचं हा प्रश्नच होता. महिला शिपाई आमच्याकडे नव्हती, कोठडीही नव्हती. दिवसा तिने व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं आणि दिवेलागणीला पोलीस पाटलाच्या बायकोने तिला आपल्या घरी न्यायचं, असं ठरलं. तिच्यावर कसला संशय आहे हे पाटलानेच तिला सांगितलं. ती त्यावर भांडली नाही. मारलं असतं तर सांगायला आली असती काय, एवढंच तिने पाटलाला विचारलं. पाटलाने मला विचारलं. मी फौजदार साहेबांना विचारलं नाही.

बाकावर नुसतं बसणं तिला जमेना. थोड्या वेळाने तिने शिपायाच्या हातातला कुंचला घेतला. तो चुना फासत होता तसा तिच्या घरच्या भिंतीला कोणी फासला असता तर त्याचं काय झालं असतं, हे सांगायला फुकणी आता मालखान्यात होती. संध्याकाळपर्यंत निम्मे दगड तिने रंगवले. कोणी टॉवरकडून येताना दिसलं की कुंचला थांबायचा. "आला काय फोन?" एवढंच ती विचारायची.

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. 'गेला'चे दोन्ही अर्थ मला येत होते.

पण नवरा जिवंत असेल तर तो माणसांत असेल, आणि आजकाल माणसं एकाच ठिकाणी असतात, हे मला ठाऊक होतं. त्या टोल्याचा मोबाइलवर एक ग्रुप होता. पोट भरायला नागपूरला, कामठीला, कुठे कुठे गेलेली टोल्यातली पोरं त्यात होती आणि रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवायची. मी मालखाना उघडला, चपलांचा फोटो काढला, आणि टॉवरखाली उभं राहून पाटलाला तो ग्रुपवर टाकायला लावला. खाली लिहायला सांगितलं: चपला चौकीत जप्त आहेत, मालकाने त्वरित संपर्क साधावा. बायको काळजीत आहे असं लिहिलं असतं तर तो आणखी लपून बसला असता. चपला जप्त झाल्या म्हटल्यावर माणूस चवताळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार साहेब दोन डझन कुंड्या आणि टंकलेली बातमी घेऊन आले. कुंड्या रामटेकच्या एका रोपवाटिकेतून परत करायच्या बोलीवर आणल्या होत्या. खुनाचा गुन्हा अवघ्या सहा तासांत उघडकीस आल्याचं बातमीत म्हटलं होतं. प्रेताची जागा कोरी सोडली होती. त्यासाठी दोन शिपाई नाल्यात पाठवले. ते दुपारपर्यंत एक जुनं घमेलं घेऊन परतले.

मी पाटलाचा फोन घेऊन टॉवरखाली बसून होतो. बाराच्या सुमाराला तो वाजला. पलीकडून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

"जमादार, माह्या चपला काहून जप्त केल्या गा?"

तो नागपूरजवळच्या वाडीला होता. त्याच्या बहिणीचा पोरगा तिथे गोदामात हमाली करत होता आणि भाड्याच्या खोलीत राहत होता; तिथेच हाही पोती उचलत होता. मोबाइल घरी बायकोकडे, म्हणून निरोप नाही. आणि दोन-चार दिवसांत राग उतरला की जाणारच होतो, असं त्याचं म्हणणं. मी त्याला विचारलं, भल्या माणसा, अनवाणी का गेलास?

"ते मारून राहिली होती, मी पळून राहिलो होतो. चपला कवा घालू?"

मला वाटलं, हा जबाब लिहून घ्यावा आणि फौजदार साहेबांना व्याकरणासाठी द्यावा.

साहेबांनी मात्र मान हलवली. फोनवरचा आवाज कोणाचाही असू शकतो. उद्या अकराच्या आत माणूस समक्ष हजर झाला तर ठीक, नाहीतर बाईला तालुक्याला न्यावं लागेल. त्यांचंही बरोबर होतं. आवाज बातमीच्या कोऱ्या जागेत बसत नव्हता.

बाईला सांगायला मी आवारात आलो. ती शेवटच्या ओळीतला एक दगड रंगवत होती. ऐकून घेतलं, दगड पुरा केला, कुंचला बादलीत ठेवला आणि चुन्याच्या हाताने डोळे पुसले. चुना झोंबला म्हणाली. मग विचारलं, "जेवला काय तो?"

तिसऱ्या दिवशी बडे साहेब बरोबर अकराला आले, म्हणजे साडेबाराला. तोवर एसटी येऊन गेली होती आणि तिच्यातून कोणी उतरलं नव्हतं. बाई बाकावर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. तालुक्याहून महिला शिपाई आली होती. सलामी झाली, फीत कापली गेली, पाटीवरचा पडदा अर्ध्यावर अडकला आणि फौजदार साहेबांनी काठीने सोडवला. मग बड्या साहेबांनी आवार पाहिलं. दगडांपाशी थांबले. इतकं नेटकं रंगकाम त्यांनी जिल्ह्यात पाहिलं नव्हतं, असं म्हणाले. फौजदार साहेब म्हणाले, "लोकसहभागातून, सर."

एवढ्यात फाटकाशी एक विटांचा ट्रॅक्टर थांबला आणि त्याच्यावरून एक लहानखुरा माणूस उतरला. पायात गोदामातले जाड काळे बूट, दोन माप मोठे. चालताना ते मागे मागे राहत होते. कपाळावर ओसरत आलेलं टेंगूळ. एसटी चुकली होती त्याची. गर्दी पाहून तो बिचकला. बड्या साहेबांना वाटलं हा अभिप्राय द्यायला आलेला ग्रामस्थ. त्यांनी प्रेमाने विचारलं, बोला, काय तक्रार आहे.

"साहेब, माह्या चपला," तो म्हणाला.

बाई बाकावरून उठली आणि खांब धरून उभी राहिली. मी म्हटलं, "सर, हाच तो. गेलेला."

फौजदार साहेबांचं कौतुक करायलाच हवं. एक श्वास घेतला आणि टाचा जुळवल्या. बेपत्ता इसमाचा अवघ्या चोवीस तासांत शोध लावला, सर, असं ते म्हणाले. बड्या साहेबांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, मग नवऱ्याशीही केलं. बातमीतली एक ओळ बदलावी लागली. बाकीचा मजकूर तसाच चालला.

पाहुणे गेल्यावर मी बाईचा नवा जबाब घेतला. या वेळी जुन्या पद्धतीने: सदर महिलेने कौटुंबिक कारणावरून पतीस समज दिली असता तो घरातून निघून गेला, वगैरे. वाचून दाखवला. तिने अंगठा पुढे केला, मग मागे घेतला.

"मी काय सांगून राहिली, अन् तुमी काय लिहून राहिले?"

मी म्हटलं, बाई, तुझं होतं तसं लिहिलं होतं, तर तू खुनी ठरत होतीस. यात निदान घरी जाशील. तिने अंगठा दिला. फौजदार साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी समजून राहिलो, हवालदार." उच्चार सांगलीचाच होता.

चपला नवऱ्याला दिल्या. बूट त्याच्या भाच्याचे, ते त्याने काखेत धरले. फुकणीचं अडलं. खुनाचं हत्यार म्हणून ती वर कळवलेली होती. तालुक्याहून लेखी आल्याशिवाय ती सोडता येत नव्हती. किती दिवस, असं बाईने विचारलं. रोवणी तोंडावर होती, दिवसभर चिखलात राबून आलं की चूल पेटवायला फुकणी लागणारच. आठवडा, पंधरा दिवस, मी म्हटलं. कागद लवकर यावा म्हणून मी स्वतः तालुक्याला जातो, असंही म्हटलं.

ती फाटकाकडे वळली. नवरा मागे रेंगाळला, कपाळावरचं टेंगूळ चाचपलं, आणि बायको ऐकत नाही असं बघून हळू आवाजात म्हणाला, "घाई नाई, जमादार. होऊ द्या रोवणी."