‘राइट’पर्यंत पोचायला लागणारा वेळ

“व्हॉट डिड यू राइट यस्टरडे?” मी विचारलं आणि मंगलाताई गप्प झाल्या. ओठ मात्र हलत होते.

मलकापूरच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये मी शिकवते. मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे खऱ्या मुलाखतीआधीची रंगीत तालीम, चालू होता. मंगलाताईंना एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनिस्ट व्हायचं होतं. आधीच्या मुलाखतींत त्या अशाच गप्प बसून परत आल्या होत्या. सोमवारच्या मुलाखतीत जमलं नाही तर क्लास बंद, असं घरून बजावलं होतं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “आय रोट अ लेटर.” अगदी बरोबर!

क्लासचे मालक, आमचे सर, दारातून ऐकत होते. “टेन्सेस कच्चे आहेत बाईचे. पाठ करायले लावा.”

“सर, उत्तर तर बरोबर आलं.”

“पण किती वेळानं!”

मलाही तो वेळच खटकत होता. मी व्हर्ब बदलून पाहिले. बिगिन, ब्रिंग, बाय विचारलं की उत्तर तयार. ‘गो’ला जरा थांबल्या. ‘टेक’ला, ‘राइट’ला पुन्हा ओठ हलायला लागले. मला आता राहवेना.

“मनात काय म्हणून राह्यल्या, ताई?”

“पाढा, मॅडम.” त्या लाजल्या. “बिकम-बिकेम-बिकम, बिगिन-बिगॅन-बिगन... शाळेत असाच पाठ केला. मधूनच नाही येत मले. पहिल्यापासून म्हणा लागते.”

ज्यांचा भूतकाळ नुसता ‘ईडी’ लावून होत नाही, ती इंग्रजी क्रियापदं आपण अशीच तीन-तीन रूपांत घोकतो. ताईंचा तक्ता एबीसीडीने लागलेला, त्यामुळे डब्ल्यूवरचं ‘राइट’ अगदी शेवटी. सात साते विचारलं की सात एकेपासून सुरू करणारी माणसं घरोघरी असतात.

घोकलेलं विसरा म्हटलं म्हणून कोणी विसरत नसतं. मी विषयच बदलला. “एवढ्यात कोणाशी भांडल्या का?”

“हाव! त्या मिक्सरवाल्याशी.”

“इंग्लिशमध्ये सांगा.”

“आय बॉट मिक्सर. इट ब्रोक! आय टूक इट बॅक. ही सेड, नो गॅरंटी. आय टोल्ड हिम...” पाढा म्हणायला सवड कुठे होती? सोमवारपर्यंत मी त्यांना रोज भांडायला लावलं. नणंदेशी, बसच्या कंडक्टरशी, एकदा तर खुद्द सरांशी.

सोमवारी दुपारी फोन आला. “मॅडम, लागली नोकरी!”

मला फार आनंद झाला. विचारलं, “आणि व्हर्ब?”

“दोन चुकले,” त्या हसत म्हणाल्या. “पण थांबली नाही मी.”

तक्ता मी अजूनही शिकवते. फक्त तो पाठ झाला, की लगेच भांडणं विचारते.